सांजतळ्याचं गाणं

६ सप्टेंबर

कप्तानांनी आज मला एक गाणं आणायला सांगितलं. कोपऱ्यावरून साबण आणायला सांगावा तसं.

टायरच्या दुकानावर आमचं ऑफिस. तीन खोल्या, रबराचा वास आणि जिन्यात कायम कुणाच्या तरी गाडीचं चाक टेकवून ठेवलेलं. जे जुने व्हिडिओ गेम आता कुठल्याच यंत्रावर चालत नाहीत ते आम्ही पुन्हा चालते करतो. आम्ही म्हणजे तिघं. मालक या धंद्याला ‘आपलं जहाज’ म्हणतात, म्हणून ते कप्तान. प्रोग्रामर दिवसाला जेमतेम चार वाक्यं बोलतो, म्हणून तो अबोल. आणि मी, माझ्याकडे परवानग्या. आधी एका वकिलाकडे करारनामे टाइप करायचे, त्यामुळे कप्तानांना वाटतं मला कायद्यातलं सगळं कळतं. तो गैरसमज मी अजून दूर केलेला नाही.

या वेळचा गेम ‘सांजतळं’. तीस वर्षांपूर्वीचा. तळ्यावर संध्याकाळ झालीय, धुकं आहे, एक होडी आहे. काठावरच्या सात घरांतले दिवे आपण लावायचे, बस. मारामारी नाही, घाई नाही. सातवा दिवा लागला की होडी आपोआप घराकडे वळते, धुकं विरायला लागतं आणि दोन बायकांच्या आवाजातलं गाणं सुरू होतं. ज्यांनी लहानपणी हा खेळ खेळलाय ते त्या गाण्याबद्दल बोलताना आवाज खाली आणतात, असं कप्तान म्हणाले. म्हणताना त्यांचाही आला.

घोडं अडलंय ते इथे. गेमचे हक्क आम्ही घेतले, पण गाणं त्यात येत नाही. जुन्या करारात ते फक्त ‘डिस्क’वर, म्हणजे दुकानात मिळणाऱ्या तबकडीवर, वापरायची परवानगी आहे. पुढे लोक घरबसल्या गेम डाउनलोड करतील हे तेव्हा कुणाच्या स्वप्नातही नव्हतं, म्हणून तसं लिहिलेलं नाही. आता नव्याने परवानगी हवी. गाणं दोन बहिणींनी मिळून केलेलं आणि मिळून गायलेलं, तेव्हा सह्या दोघींच्या लागणार. एकीवर भागणार नाही. नोव्हेंबर संपायच्या आत गेम बाजारात आला नाही तर गेमचेच हक्क हातचे जातात.

दोन सह्यांचा तर प्रश्न आहे, कप्तान म्हणाले.

७ सप्टेंबर

गेम समजून घ्यावा म्हणून लॅपटॉपवर घरी आणला. नवरा धरणाच्या कामावर आहे, लांब, रविवारी फोन करतो. घरात मी आणि सासूबाई. त्यांच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालंय म्हणून त्यांचा पलंग पुढच्या खोलीत आणलाय. आम्ही एकमेकींशी फार नीट वागतो. लग्नाला चार वर्षं झाली तरी टेबलावरचा रिकामा कप उचलायच्या आधी ‘नेऊ का?’ असं विचारतो.

मी होडी चालवत होते, त्या उशीला टेकून बघत होत्या. मग म्हणाल्या, ‘तू ती सारखी काठावर का आपटतेस?’

मी म्हटलं, आई, तुम्ही बघता का. म्हणजे आपलं म्हणायचं म्हणून म्हटलं. त्यांनी हात पुढे केला.

जेवायला दोनदा हाक मारावी लागली.

११ सप्टेंबर

थोरली सापडली. (दोघींना मनात मी थोरली आणि धाकटीच म्हणते.) तिचं चष्म्याचं दुकान आहे, अरुंद आणि लांबच लांब, दोन्ही भिंतींना आरसे. आत शिरलं की आपणच आपल्याला दहा ठिकाणी भेटतो. उंच बाई, पांढऱ्या केसांचा घट्ट अंबाडा. मी तोंड उघडायच्या आत तिने मला खुर्चीत बसवलं, डोळ्यांवर नंबर तपासायची ती जड चौकट चढवली आणि खालून दुसरी ओळ वाचायला सांगितली. मी वाचली. वाचता वाचताच सांगितलं की मी गिऱ्हाईक नाही, गाण्यासाठी आलेय.

भिंगं बदलणारा तिचा हात थोडा वेळ तसाच राहिला. मला समोरचं सगळं धुरकट दिसत होतं, तिचा चेहराही.

‘तिची सही आणा आधी,’ ती म्हणाली. ‘मग बघू.’

धाकटी कुठे राहते ते मला अजून सापडलेलं नव्हतं. थोरलीच म्हणाली, शेवटच्या थांब्याला उतरा, डावीकडे पाण्याची टाकी दिसेल, तिच्या मागे रोपवाटिका. हिरवं फाटक आहे, ते ढकलायचं नाही, उचलून उघडायचं. दोघींचं तीस वर्षं बोलणं नाही असं ऐकून होते. पण पत्ता आयताच मिळाला, माझी पायपीट वाचली.

मी निघताना ती म्हणाली, डाव्या डोळ्याला थोडा नंबर आहे, पुन्हा या.

१३ सप्टेंबर

फाटक खरंच उचलून उघडावं लागतं.

धाकटी बुटकी, गोल चेहऱ्याची, गुडघ्यापर्यंत रबरी बूट. काचघरात पाणी घालत होती. आत इतकी वाफ की कुंड्यांच्या रांगा पुढे पुढे विरत जात होत्या, आणि ती मधूनच दिसायची, मधूनच नुसता पाइप दिसायचा. मी गाण्याचं सांगितलं. तिने विचारलं, तिची सही झाली? नाही म्हटलं. ‘मग माझ्याकडे कशाला आलात?’

एवढ्यावर निघणार होते तर म्हणाली, दुकानात ती उभी होती की बसली होती? मी म्हटलं उभी. दिवसभर उभीच असते का? हे मला कसं ठाऊक असणार. तर म्हणे, तिच्या टाचा दुखतात, आईच्याही दुखायच्या.

कामाचं एक अक्षर नाही. वर माझ्या हातात एक कुंडी दिली, पानांवर पांढरे ठिपके असलेल्या रोपाची. म्हणाली, उन्हात ठेवू नका.

२२ सप्टेंबर

पुन्हा थोरलीकडे. मी तीन मुद्दे लिहून नेले होते: पूर्वीच्या शर्ती, आताच्या शर्ती, नावं कशी छापणार. तिने विचारलं, ती अजून त्या दमट काचघरातच असते का दिवसभर? खोकला आहे का? केस रंगवते का?

मी जे पाहिलं ते सांगितलं. खोकला नाही, केस रंगवत नाही, तुमच्या टाचांची चौकशी करत होती, रबरी बूट घालते. बूट ऐकून ती जराशी हसली. मग माझे डोळे पुन्हा तपासले. आज नंबर उजव्या डोळ्यालाही निघाला. फ्रेम निवडायला अर्धा तास, आणि फ्रेमगणिक एक प्रश्न. एकटीच राहते का? फाटक अजून तसंच आहे का? माझे तीन मुद्दे पर्समध्येच राहिले.

मी जाताना ती म्हणाली, टाचांना काही झालेलं नाही म्हणावं. स्टूल आहे माझ्याकडे.

माणसं मुद्द्यावर येतच नाहीत.

३ ऑक्टोबर

घरात आता पाच कुंड्या झाल्या आहेत आणि माझ्या नाकावर चष्मा. कप्तानांना वाटतं बोलणी पुढे सरकताहेत. मी त्यांना सांगते की दोन्ही पक्ष संपर्कात आहेत, आणि ते खोटं नाही.

सासूबाईंचे चार दिवे लागले. पाचवं घर धुक्यात कुठे आहे ते सापडत नाही. त्या डोळे मिटून पडून असतात, मला वाटतं झोपल्या, आणि मग म्हणतात, ‘डावीकडच्या वेताच्या मागे बघायचं राहिलं.’

९ ऑक्टोबर

रोपवाटिकेतून येताना बसमध्ये डोळा लागला. स्वप्नात तळं होतं. बस पाण्यावरून चालली होती आणि कुणालाच त्याचं काही वाटत नव्हतं. काठावर चष्म्याचं दुकान, समोरच्या काठावर काचघर, दोन्हीकडे दिवा. मी मध्ये होडीत. होडी वल्हवत मी एका काठाला गेले की तिथलं कुणीतरी माझ्या कानात काहीतरी सांगायचं, आणि समोरच्या काठाला पोहोचेपर्यंत मी ते विसरायचे. पण तिथल्या बाईला ते आधीच समजलेलं असायचं.

जागी झाले तेव्हा मांडीवर सहावी कुंडी होती.

कप्तानांनी पर्याय म्हणून कुणाकडून तरी एक नवीन चाल करून घेतलीय. ‘तसंच, पण ते नाही’ अशी मागणी होती. घरी लावून दाखवली. सासूबाईंनी पूर्ण ऐकली, मग म्हणाल्या, हे लिफ्टमधलं आहे.

१५ ऑक्टोबर

थोरली आज दुकानात एकटीच होती, बाहेर आभाळ भरून आलेलं. मी विचारलं, तुमची हरकत नक्की कशाला आहे ते एकदा सांगा, म्हणजे मला तसा मसुदा करता येईल.

ती एक भिंग पुसत होती. पुसून झालेलं भिंग पुन्हा पुसत राहिली आणि सांगायला लागली. हे गाणं झालं त्यानंतर दोघींचा मोठा दौरा ठरला होता, गावोगावी. निघायला काही दिवस उरले असताना ती स्वतः घर सोडून दुसऱ्या गावी गेली, मामाच्या चष्म्याच्या दुकानात कामाला लागली. धाकटीला दौरा रद्द करावा लागला, लोकांना तोंड द्यावं लागलं. सगळे म्हणाले, थोरलीला गाण्याचा कंटाळा आला. तिनेही तसंच म्हणू दिलं.

‘वरचा सूर लागेनासा झाला होता गं,’ ती म्हणाली. ‘त्या गाण्यात कसाबसा लावला. त्यानंतर लागलाच नाही. आमच्या सगळ्या गाण्यांचं वरचं टोक माझ्याकडे होतं. जाऊन सांगणार कुणाला?’

मी ताबडतोब लिहून घेतलं, कारण हे कामाचं आहे. म्हणजे हे तिचं शेवटचं ध्वनिमुद्रण. रसिकांच्या दृष्टीने त्याचं मोल वाढतं. धाकटीला हा मुद्दा पटायला हरकत नाही.

१८ ऑक्टोबर

सगळं बिघडवून आले.

धाकटी गुलाबाच्या कलमांना पाणी घालत होती. मी सरळ मुद्द्यावर आले. म्हटलं, ताई, हे गाणं जपलं गेलं पाहिजे, कारण यानंतर तुमच्या बहिणीचा वरचा सूर लागलाच नाही, म्हणून तर त्यांनी गाणं सोडलं.

पाइप एकाच कुंडीवर धरलेला. कुंडी भरली, पाणी काठावरून सांडायला लागलं, मग माती वाहायला लागली, कलम आडवं झालं. मी नळ बंद केला.

‘हे तुला कोणी सांगितलं?’ आजवर ती मला अहो-जाहो करायची.

मी म्हटलं, त्यांनीच. तिने विचारलं, कसं सांगितलं, शब्द काय होते? मी वहीतून वाचून दाखवलं. ती बाकावर बसली. काचेवर आतून साचलेल्या वाफेचे थेंब एक एक करून खाली उतरत होते, त्याकडे बघत राहिली. मी कागद पुढे करू की नको असा विचार करत होते.

‘आज जा तू,’ ती म्हणाली.

कुंडी द्यायची विसरली. इतकी नाराज ती कधीच झाली नव्हती. दुसऱ्याच्या दुखण्याचा मुद्दा करून सही मागणं वाईटच दिसतं, हे मला आधी कळायला हवं होतं.

१९ ऑक्टोबर

सासूबाईंना सगळं सांगितलं. एवढं एका दमात मी त्यांच्याशी कधी बोलले नव्हते. त्यांनी होडी थांबवली. मग चहा करायला सांगितला. ‘तुझाही कर, आणि इथे बसून पी.’

चहा पिताना म्हणाल्या, तू तुझं काम चांगलं करतेस. अशा वेळी चेष्टा करायची असते का? पण चेहरा चेष्टेचा नव्हता.

२६ ऑक्टोबर

आठवडाभर दोघींकडे गेले नाही. आज ऑफिसात धाकटीचा फोन. कप्तानांनी रिसीव्हर माझ्याकडे दिला आणि हात जोडले.

गेले तेव्हा ती फाटकातच उभी होती. आत नेलं नाही, चहा विचारला नाही. म्हणाली, एक निरोप आहे, नीट लक्षात ठेव, कागदावर नको.

‘तिला म्हणावं, अख्खं गाणंच खालच्या पट्टीत उतरवलं असतं. मी उतरवलं असतं. सगळी गाणी उतरवली असती. त्यात काय होतं एवढं.’

माझ्याकडून दोनदा म्हणवून घेतलं. दुसऱ्या वेळी मध्येच थांबवून म्हणाली, ‘त्यात काय होतं एवढं’ हे रागाने म्हणू नकोस. मी विचारलं, मग कसं म्हणू? फाटकाची कडी वर-खाली करत राहिली.

सहीबद्दल विचारायला तोंड उघडलं तर म्हणाली, आधी हे सांगून ये.

२७ ऑक्टोबर

थोरलीच्या दुकानात एक गृहस्थ खुर्चीत बसले होते, डोळ्यांवर चौकट. मी थांबते म्हटलं, पण धाकटीचं नाव निघताच ती म्हणाली, बोल. म्हणून तिथेच, त्या गृहस्थांसमोर निरोप सांगितला. शेवटचं वाक्य जमेल तेवढ्या मऊ आवाजात.

तिला हसू आलं. आधी साधं हसू, नाकातून फुस्स. मग ती स्टुलावर बसली आणि हसतच राहिली, आणि कुठल्या क्षणी ते हसू राहिलं नाही ते मला कळलं नाही. सगळ्या आरशांतून ती तशीच दिसत होती, कुठेही बघितलं तरी. त्या गृहस्थांनी विचारलं, खालची ओळ वाचू का?

‘उतरवलं असतं म्हणे,’ ती म्हणाली. ‘मला सुचलंच नाही. तीस वर्षांत एकदाही सुचलं नाही.’

मी म्हटलं, ताई, म्हणजे मग सहीचं जमेल असं समजू का? तिने माझ्या गालावरून हात फिरवला आणि दुकान बंद करायला लागली. दुपारचे तीन वाजले होते. गृहस्थांना तिने उद्या बोलावलं.

५ नोव्हेंबर

दोघी आल्या. थोरलीनेच कळवलं होतं: गाणं एकदा ऐकायचंय, एकत्र. कप्तानांनी जिन्यातली चाकं स्वतः हलवली, खिडक्या पुसल्या, कागद आणि पेन टेबलाच्या मधोमध ठेवलं.

वेगवेगळ्या बसने आल्या आणि खाली दारात भेटल्या. मी जिन्याच्या वरच्या पायरीवर होते, म्हणून मला ऐकू आलं. तीस वर्षांनंतरचं पहिलं वाक्य धाकटीचं होतं. ‘चष्मा वाकडा बसलाय तुझा.’ थोरली म्हणाली, ‘दुकान माझं आहे.’ एवढंच. मग जिना चढायला लागल्या. थोरली पुढे, टाचा सांभाळत. धाकटी मागे, एक हात पुढे धरून, थोरलीच्या पाठीपासून वीतभर अंतरावर. तो हात वर पोहोचेपर्यंत तिथेच होता, लागला मात्र एकदाही नाही.

अबोलने सातवा दिवा लावला. पडद्यावरचं धुकं विरायला लागलं आणि ते गाणं. मी ते इतक्या वेळा ऐकलंय, पण ज्यांचे आवाज त्या शेजारी बसलेल्या असताना ते वेगळंच होतं. जणू भिंतीपलीकडे दोन मुली आहेत आणि अलीकडे त्यांच्या आया. थोरली खिडकीबाहेर बघत होती. धाकटी थोरलीच्या गळ्याकडे. वरचा सूर आला तेव्हा धाकटीने डोळे मिटून घेतले.

संपल्यावर कप्तानांनी पेनाचं टोपण काढलं.

‘हे नाही द्यायचं,’ धाकटी म्हणाली.

कप्तानांना वाटलं ती शर्तींबद्दल बोलतेय. त्यांनी वाढवून द्यायची तयारी दाखवली. ती म्हणाली, त्याचा प्रश्न नाही. तो सूर लावताना तिचा घसा किती ओढला जातोय ते ऐकू येतंय. ‘मी शेजारी उभी होते आणि मला ऐकू आलं नव्हतं. आता ते पुन्हा घरोघरी नको.’

तेव्हा अबोल, आपल्या चार वाक्यांतलं एक खर्च करून, म्हणाला की तेवढा सूर दुरुस्त करून घेता येईल. धाकटीने त्याच्याकडे असं पाहिलं की उरलेली तीन त्याने उद्यावर ठेवली.

कप्तान थोरलीकडे वळले. त्यांच्या सगळ्या आशा आता तिच्यावर. ती पर्स उचलत होती.

‘ती म्हणते तेच,’ थोरली म्हणाली. ‘इतक्या वर्षांनी आमचं एका गोष्टीवर एकमत झालंय. ते मोडायला लावू नका.’

जिना उतरताना हाताचं ते वीतभर अंतर राहिलं नव्हतं.

६ नोव्हेंबर

दोन महिने हेलपाटे घातले आणि हाती काय, दोन नकार. आधी निदान दोघी ‘तिची सही आण’ म्हणायच्या, म्हणजे अर्धी आशा तरी होती. त्यांना एकत्र आणून मी स्वतःच्या पायावर धोंडा पाडून घेतला. वकिलाकडे होते तेच बरं होतं, तिथे नुसतं टाइप करायचं असायचं.

सासूबाई म्हणाल्या, आज स्वयंपाक राहू दे, पाव आणि सूप करू. त्या काठी टेकत स्वयंपाकघरात आल्या आणि ओट्याशी उभ्या राहून सूप ढवळत राहिल्या. मला काही करू दिलं नाही.

१४ नोव्हेंबर

कप्तानांनी लिफ्टमधलं गाणं घालायचं ठरवलं. मग मी, मला काय झालं कोण जाणे, सरळ म्हटलं की आमच्या आईंना ते आवडलेलं नाही. कप्तानांनी विचारलं, आईंचा यात काय संबंध? मी म्हटलं, त्यांचे सहा दिवे लागलेत. आपल्यापैकी कुणीही एवढा वेळ त्या तळ्यावर काढलेला नाही. आणि त्या म्हणतात, शेवटी काहीच नको, वल्ह्याचा आवाज पुरे.

कप्तान हसले नाहीत. अबोलने मान डोलावली. त्याचं एक वाक्य त्यात धरावं.

१७ नोव्हेंबर

आज पहाटे तिघं खऱ्याखुऱ्या तळ्यावर गेलो होतो. अबोल होडीच्या टोकाला मायक्रोफोन धरून, कप्तान वल्ही मारायला. जहाज जहाज म्हणणाऱ्या माणसाला होडी सरळ नेता येत नाही, हे कळलं. आम्ही कितीतरी वेळ गोल गोल फिरत होतो.

मग तेही दमले आणि होडी आपली आपण तरंगायला लागली. धुकं इतकं खाली आलं होतं की अबोल दिसत नव्हता, फक्त मायक्रोफोनचा लाल ठिपका. वल्ह्यावरून पाणी ठिबकायचं. एखादा मासा वर येऊन जायचा. काठ कुठल्या बाजूला आहे तेही कळेना, आणि विचारावंसंही वाटेना. मला वाटलं, मी इथे कशासाठी आलेय ते मी विसरलेय, आणि ते कुणीतरी दुसरंच लक्षात ठेवून आहे.

अबोलने बऱ्याच वेळाने विचारलं, थांबवू का? कप्तान म्हणाले, राहू दे जरा.

३० नोव्हेंबर

‘सांजतळं’ आज बाजारात गेलं. शेवटच्या दिवशी, पण गेलं.

संध्याकाळपर्यंत लोकांचं लिहून यायला लागलं. बरेचजण भडकलेत: गाणं कुठे गेलं, आमच्या लहानपणाला हात लावायचा तुम्हाला काय अधिकार. कप्तान प्रत्येकाला उत्तर देत होते, परवानगी मिळाली नाही, क्षमस्व. एकाने लिहिलं की शांततेत घरी पोहोचेपर्यंत त्याने ते गाणं स्वतःच म्हटलं, शब्द आठवत नव्हते तरी. एकीने फक्त ‘बरं वाटलं’ एवढंच लिहिलंय.

जहाज बुडालेलं नाही. कप्तानांनी पुढच्या गेमची फाइल माझ्या टेबलावर ठेवली. त्यात अकरा गाणी आहेत.

८ डिसेंबर

रविवार. धाकटीने बोलावलं होतं. सहज ये म्हणाली, कागद आणू नकोस. सासूबाईंनी विचारलं, मीही येऊ का? चालवेल का म्हटलं तर काठी घेऊन दारात तयार. बसमध्ये त्यांना खिडकीशी बसवलं.

काचघराच्या टोकाला एक जुना पियानो आहे, कुंड्यांच्या मागे. इतक्या वेळा गेले, मला दिसला नव्हता. थोरली स्टुलावर बसली होती, पायात धाकटीचे जास्तीचे रबरी बूट. आम्हाला बघून त्या थांबल्या नाहीत. धाकटी वाजवत होती आणि दोघी म्हणत होत्या, तेच गाणं, पण किती खाली. इतकं खाली की ते गाणं आहे की दुपारी कुणी शेजारच्या खोलीत बोलतंय ते कळू नये. वरची जागा आली तेव्हा मी श्वास रोखला. ती जागा आता उंच नव्हतीच. थोरली तिच्यावरून सहज चालत गेली, आणि धाकटी वाजवायची थांबून नुसती ऐकत राहिली.

‘पुन्हा,’ धाकटी म्हणाली. त्या पुन्हा म्हणायला लागल्या.

माझ्या पर्समध्ये फोन होता. रेकॉर्ड करायला एक बोट पुरेसं होतं. नवीन ध्वनिमुद्रण म्हणजे जुन्या कराराचा प्रश्नच उरत नाही, फक्त दोघींची संमती, आणि गेममध्ये ते मागाहूनही घालता येतं. हे सगळं मला ऐकतानाच सुचलं, आधी दोन महिन्यांत का सुचलं नाही कोण जाणे. मी पर्स उघडलीही. आई माझ्या शेजारी उलट्या कुंडीवर बसल्या होत्या. त्यांनी माझ्याकडे बघितलंही नाही. मी पर्स मिटली.

परत निघालो तेव्हा बसथांब्यावर कप्तानांचा फोन आला. लोक फार विचारताहेत म्हणाले. त्या दोघी नव्याने गातील असं काही वाटतं का? तुझं जाणं-येणं आहे म्हणून विचारतो.

मी म्हटलं, नाही हो. त्या आता गात नाहीत.

फोन ठेवल्यावर आईंनी माझ्या हातातली धाकटीने दिलेली कुंडी न विचारता स्वतःकडे घेतली. बसमध्ये त्या माझ्या खांद्यावर डोकं ठेवून झोपल्या. आमचा थांबा आला, बस उभी राहिली. ड्रायव्हरने मागे वळून विचारलं, उतरायचं नाही का? मी मानेनेच नाही म्हटलं. त्याने गाडी पुढे काढली.